हवाई छायाचित्रणासाठी महागडी टेलिफोटो लेन्स अनिवार्य नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कृष्णाकाठच्या हवाई छायाचित्रांवर प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णा जी वळणे घेत जाते ती जमिनीवरून कळत नाहीत. वरून पाहिल्यावरच नदीने आपली वाट कशी आखली आहे हे ध्यानात येते, आणि लेखासोबतच्या छायाचित्रांनी ते चांगले दाखवले आहे. मात्र लेखाच्या अखेरीस एक विधान आहे, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याने (ज्याची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या फिल्मपेक्षा मोठी असते) असे काम करायचे असेल, तर निदान ३०० मिलिमीटरची, मोठ्या अ‍ॅपर्चरची (म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी) आणि नव्या बनावटीची टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ दाखवणारी, लेन्स हवी, आणि ती परवडत नसल्यास या वाटेला जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुने मिडियम फॉरमॅट कॅमेरे बाळगून असलेले स्टुडिओवाले आणि हौशी छायाचित्रकार आजही आहेत. लग्नसमारंभांचे काम डिजिटलवर गेल्यापासून त्यांचे कॅमेरे कपाटात पडून आहेत. अशा माणसांनी ते विधान वाचून हात आखडता घ्यावा, हे मला अयोग्य वाटते. शिवाय ते विधान तांत्रिकदृष्ट्याही बरोबर नाही. माझ्या मते या कामासाठी १५० ते २०० मिलिमीटरची, एफ/३.५ किंवा एफ/४ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) अ‍ॅपर्चरची, हाताने फोकस करायची जुनी लेन्स पुरेशी आहेच, आणि बहुतेक वेळा ती ३०० मिलिमीटरच्या लेन्सपेक्षा अधिक चांगले चित्र देते.

प्रथम आकड्यांचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे बहुतेकांचा हात ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर बसलेला आहे, त्यामुळे २०० मिलिमीटर म्हटले की बरीच लांबची वस्तू जवळ ओढणारी लेन्स डोळ्यांसमोर येते. मिडियम फॉरमॅटची चौकट मोठी असल्याने तिथे हे गणित बदलते. पेंटॅक्स ६७ सारख्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह साधारण ५५ बाय ७० मिलिमीटर असते आणि त्यावरची २०० मिलिमीटरची लेन्स ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावरील सुमारे १०० मिलिमीटरच्या लेन्सइतकेच दृश्य टिपते. मामिया ६४५ वरील १५० मिलिमीटरची लेन्सही त्याच्याच जवळपास, म्हणजे ९० ते ९५ मिलिमीटरसारखी वागते. हे ऐकून काहींना वाटेल की मग तर ३०० हवीच. पण लेन्स किती लांबची हवी हे ठरवताना, किती उंचीवरून किती जमीन चौकटीत घ्यायची आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

विमानातून सरळ खाली पाहून घेतलेल्या छायाचित्राचे प्रमाण काढणे शाळेतल्या त्रैराशिकाइतके सोपे आहे. उंचीला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरमधल्या आकड्याने, भागले की जमीन निगेटिव्हवर किती पट लहान झाली हे कळते. ६०० मीटर उंचीवरून २०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर हे प्रमाण ३००० पट येते, आणि ५५ बाय ७० मिलिमीटरच्या निगेटिव्हवर १६५ बाय २१० मीटर जमीन मावते. आपल्या भाषेत सांगायचे तर सुमारे साडेआठ एकर. त्याच उंचीवर ३०० मिलिमीटर लावली तर पावणेचार एकरांच्या आसपास क्षेत्र येते, आणि कॅमेऱ्यासोबत येणारी १०५ मिलिमीटरची नेहमीची लेन्स ठेवली तर सुमारे एकतीस एकर. मामिया ६४५ वर १५० मिलिमीटरची लेन्स लावली तर नऊ एकरांच्या जवळपास, म्हणजे पेंटॅक्स ६७ वरच्या २०० इतकेच. आता तासगावकडची द्राक्षबाग असो, वाळव्याकडचा उसाचा पट्टा असो किंवा कराडचा प्रीतिसंगम असो, ज्या विषयांसाठी आपण वर जाणार, ते पावणेचार एकरांत क्वचितच बसतात. नदीचे वळण, त्याच्या आतल्या बाजूस साचलेली वाळू, बाहेरच्या बाजूस खचलेला काठ आणि त्याला लागून असलेली शेते हे सारे एका चौकटीत आले, तरच त्या छायाचित्राला अर्थ असतो. माझा अनुभव असा की, ३०० मिलिमीटरची लेन्स वर नेलेल्या माणसाला चौकटीत वस्तू पकडण्यातच निम्मा वेळ घालवावा लागतो, कारण विमान थांबत नाही आणि अरुंद चौकटीतून विषय निसटतो.

दुसरी बाब हालण्याची. हवाई छायाचित्र धूसर येण्याचे खापर बहुधा लेन्सच्या दर्जावर फोडले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण असते विमानाचा वेग आणि इंजिनाची थरथर. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे लहान विमान एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे सरकते. शटरचा वेग १/५०० सेकंद असला तर तेवढ्या क्षणात ते साडेपाच सेंटिमीटर सरकलेले असते, आणि १/१००० असला तर पावणेतीन सेंटिमीटर. ३००० पटीच्या प्रमाणात हे सरकणे निगेटिव्हवर अनुक्रमे ०.०१८ आणि ०.००९ मिलिमीटर इतके उमटते. या निगेटिव्हवरून वीस इंच रुंदीचा प्रिंट काढायचा म्हणजे ती सुमारे सव्वासात पट मोठी करावी लागते. तेव्हा १/५०० वरची अस्पष्टता प्रिंटवर ०.१३ मिलिमीटर होते, जी बारकाईने पाहणाऱ्या डोळ्याला जाणवू लागते, आणि १/१००० वरची ०.०७ मिलिमीटर होते, जी जाणवत नाही. हेच गणित ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर केले तर १/५०० ला अस्पष्टता ०.२ मिलिमीटरवर जाते. हाताच्या कंपाचेही तसेच आहे: लेन्स जितकी लांब, तितका तोच कंप निगेटिव्हवर मोठा होऊन उतरतो. म्हणजे महाग लेन्स घेऊन जो बारकावा मिळवायचा, तो विमानाच्या वेगात आणि थरथरीत गमवायचा, असा हा व्यवहार होतो.

यावर जाणकार असे म्हणतील की मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स घेतली की शटरचा वेग वाढवता येतो, आणि म्हणून एफ/२.८ ची लेन्स घ्यावी. हा युक्तिवाद घरातल्या किंवा मांडवातल्या छायाचित्रणास लागू आहे. उघड्या आकाशाखालच्या कामास नाही. स्वच्छ उन्हात ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) फिल्मवर एफ/१६ ला साधारण १/४०० वेग मिळतो, हा जुना आणि विश्वासार्ह नियम आहे. त्यावरून एफ/८ ला १/१६०० आणि एफ/५.६ ला १/३२०० येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रकाश दोन स्टॉप कमी झाला (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) असे धरले, तरी एफ/५.६ ला १/८०० मिळतो, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांच्या सर्वांत वेगवान शटरच्या जवळपास. मग एफ/२.८ चा उपयोग कुठे होणार? पेंटॅक्स ६७ चे आणि मामिया ६४५ च्या १०००एस या मॉडेलचे शटर १/१००० च्या पुढे जातच नाही. शिवाय कोणतीही जुनी लेन्स पूर्ण उघडी असताना कोपऱ्यांत कमकुवत असते आणि एक-दोन स्टॉप बंद केल्यावर सुधारते. एफ/४ ची लेन्स एफ/५.६ किंवा एफ/८ वर वापरणे, हाच तिचा योग्य वापर आहे. डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे कुठपासून कुठपर्यंतचे स्पष्ट येईल याची, चिंता इथे नसते. २०० मिलिमीटरची लेन्स एफ/५.६ वर ठेवून तिचा फोकस अनंतावर (अतिदूरच्या वस्तूवर) लावला की साधारण दीडशे मीटरच्या पलीकडचे सारे स्पष्ट येते, आणि आपण तर कितीतरी उंचावर असतो. ज्या १०० आयएसओच्या रंगीत फिल्मा बारीक दाण्यासाठी (चित्रात दिसणारे फिल्मचे कण बारीक असण्यासाठी) नावाजलेल्या आहेत, त्या मात्र सकाळी वेग देत नाहीत. तिथे ४०० आयएसओची फिल्म घेणे हे एफ/२.८ ची लेन्स घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उत्तर आहे, आणि पेंटॅक्स ६७ च्या मोठ्या निगेटिव्हवर दाण्याचा त्रासही फारसा होत नाही.

तिसरी बाब हवेची, आणि आपल्या दोन जिल्ह्यांसाठी मी हीच सर्वांत महत्त्वाची मानतो. लांब लेन्स घेऊन दुरून छायाचित्र काढायचे म्हणजे लेन्स आणि विषय यांच्यामध्ये अधिक हवा घ्यायची. सहाशे मीटर उंचीवरून सरळ खाली पाहिले तर मध्ये सहाशे मीटर हवा असते. पंचेचाळीस अंशांत तिरके पाहिले तर साडेआठशे मीटर होते, आणि क्षितिजाकडे झुकवून तीस अंशांवर आणले तर बाराशे मीटर. कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या सकाळी थंड हवा खाली बसते, तिच्यात नदीचे धुके, साखर कारखान्यांचा धूर आणि फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर अडकून राहतो. गळीत हंगामात सूर्योदयानंतर बराच वेळ हा थर हटत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याची जागा धूळ घेते. अशा हवेतून कितीही महाग लेन्सने पाहिले तरी राखाडी पडदाच मिळतो, कारण लेन्स हवेतील कण दूर करू शकत नाही. पावसाळा ओसरताना, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, पावसाने हवा धुतलेली असते आणि कारखान्यांची धुराडी बहुधा थंड असतात. तो काळ, किंवा वळवाच्या सरीनंतरची सकाळ, हे या कामाचे खरे दिवस. ज्याला लेन्सवर खर्च कमी करायचा आहे, त्याने तारीख निवडण्यावर कष्ट अधिक घ्यावेत, आणि विषयापासून दूर राहून लांब लेन्स लावण्याऐवजी, परवानगी आणि सुरक्षितता सांभाळून, विषयाच्या जवळ जाऊन मध्यम लेन्स लावावी.

कृष्णधवल फिल्म वापरणाऱ्यांना येथे एक दुहेरी लाभ आहे, ज्याचा उल्लेख त्या लेखात असायला हवा होता. हवेतील धूसरपणा निळ्या प्रकाशात सर्वाधिक असतो, म्हणून पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावला की तो बराच कापला जातो. जुन्या लांब लेन्सचा मुख्य दोष म्हणजे निरनिराळ्या रंगांचे किरण एका जागी न आणणे. झाडांच्या कडांना किंवा पत्र्याच्या छपरांना त्यामुळे रंगीत किनार येते आणि कृष्णधवल चित्रात ती अस्पष्टता म्हणून दिसते. नारिंगी फिल्टर निळा प्रकाश रोखतो, तेव्हा हा दोषही त्याबरोबर कमी होतो. म्हणजे साध्या काचेची जुनी २०० मिलिमीटरची लेन्स आणि एक नारिंगी फिल्टर या जोडीकडून कृष्णधवल कामात महागड्या ईडी काचेच्या (रंगांचा हा दोष कमी करणाऱ्या खास काचेच्या) लेन्सच्या बरेच जवळ जाणारे चित्र मिळू शकते. फिल्टरमुळे सुमारे दोन स्टॉप प्रकाश जातो, तरी ४०० आयएसओच्या फिल्मवर चांगल्या उन्हात एफ/५.६ ला १/८०० राहतोच. विमानाच्या अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीतून पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वापरू नये. त्या प्लॅस्टिकमधील ताण इंद्रधनुषी पट्ट्यांच्या रूपात चित्रात उतरतो. शक्यतो उघड्या खिडकीतूनच छायाचित्र घ्यावे.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. ज्याच्याकडे जो कॅमेरा आहे, त्याच्याच लेन्समध्ये शोध घ्यावा. लेन्ससाठी कॅमेरा बदलू नये. पेंटॅक्स ६७ वाल्यांनी २०० मिलिमीटर एफ/४ ची लेन्स पाहावी. तिच्याच घराण्यातील १६५ मिलिमीटर एफ/२.८ ही व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेली असल्यामुळे महाग मिळते. मिळालीच तर उत्तम, पण केवळ आकाशासाठी तिच्यामागे धावण्याचे कारण नाही. मामिया ६४५ वाल्यांसाठी सेकॉर १५० मिलिमीटर एफ/३.५ आणि २१० मिलिमीटर एफ/४ या दोन्ही लेन्स हलक्या आणि स्वस्त आहेत, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच संच सुचवेन, कारण मिडियम फॉरमॅटच्या एका १२० रोलमध्ये त्यावर १५ छायाचित्रे मिळतात, तर पेंटॅक्स ६७ वर फक्त १०. विमानात रोल बदलणे हे जमिनीवर बसून बदलण्याइतके सोपे नसते. वारा असतो, जागा अरुंद असते, आणि तेवढ्यात विमान विषयावरून पुढे गेलेले असते. हॅसलब्लाडच्या १५० मिलिमीटर एफ/४ सॉनारबद्दल दुमत असण्याचे कारण नाही, आणि तिथे फिल्मची पाठ (फिल्म भरलेला कॅमेऱ्याचा मागचा भाग) बदलता येत असल्याने रोलची अडचणही सुटते. पण त्या लेन्समधील लीफ शटरचे (लेन्सच्या आतच बसवलेल्या पात्यांच्या शटरचे) तेल वर्षानुवर्षे वापर नसल्यास घट्ट होते आणि १/५०० चा वेग प्रत्यक्षात कमी भरतो. तसे शटर दुरुस्त करण्याचा खर्च धरला, तर ती परवडणारी राहत नाही. मामिया आरबी ६७ हा स्टुडिओसाठी भक्कम कॅमेरा आहे, परंतु त्याचे फोकसिंग भात्यावर चालते आणि उघड्या खिडकीतल्या वाऱ्यात तो भाता फडफडतो. शिवाय त्याचे शटर १/४०० च्या पुढे जात नाही. पेंटाकॉन सिक्स या कॅमेऱ्यासाठीची, जर्मनीतील जेना येथे बनलेली १८० मिलिमीटर एफ/२.८ सॉनार लेन्स सुंदर आहे, मात्र त्या कॅमेऱ्यात फ्रेममधले अंतर चुकण्याची खोड प्रसिद्ध आहे, म्हणून ज्याला तो कॅमेरा नीट राखता येतो त्यानेच तिकडे वळावे.

लष्करी भंगारातून येणाऱ्या लेन्सबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण हवाई छायाचित्रणासाठी बनलेली लेन्स स्वस्तात मिळते या मोहाने अनेक जण त्या घेतात. दुसऱ्या महायुद्धातील कोडॅकची एरो एक्टार ही १७८ मिलिमीटर एफ/२.५ ची लेन्स यात सर्वांत परिचित. ती पाच इंची फिल्मसाठी बनवली होती, तिच्या काचेत किरणोत्सारी थोरियम आहे, काळानुसार ती काच पिवळट-तपकिरी होते, तिला स्वतःचे शटर नाही, आणि मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावर ती बसवण्यासाठी खरादीचे काम करून घ्यावे लागते. संग्रहासाठी ती घ्यावी. वर नेण्यासाठी घेऊ नये. तसेच आपल्याकडे असलेल्या लेन्सवर दुप्पट वाढीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून फोकल लेंग्थ वाढवणारा जोड) लावण्याचा सल्लाही मी देणार नाही, कारण दोन स्टॉप प्रकाश त्यात जातो आणि लेन्सचे सारे दोष दुप्पट होऊन दिसतात.

काही वाचक डिजिटल मिडियम फॉरमॅटचा विचार करत असतील. फुजीफिल्मच्या जीएफएक्स मालिकेतील नवी २५० मिलिमीटरची लेन्स दोन लाख रुपयांहून अधिक किमतीची आहे, आणि त्या लेखातील निराशेचे मूळ बहुधा या किमतीत असावे. परंतु त्याच कॅमेऱ्यावर साध्या अ‍ॅडॅप्टरने मामिया ६४५ किंवा पेंटॅक्स ६७ च्या जुन्या लेन्स बसतात. फोकस हाताने करावा लागतो, पण आकाशातून तो एकदाच करायचा असतो. २०१० साली आलेल्या पेंटॅक्स ६४५डी वर तर त्याच कंपनीच्या फिल्मकाळातील ६४५ च्या लेन्स थेट बसतात. डिजिटलवर एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी लागते. पन्नास मेगापिक्सेलच्या जीएफएक्सवर १५० मिलिमीटरची लेन्स लावून ६०० मीटरवरून पाहिले, तर एक पिक्सेल जमिनीवरचे सुमारे दोन सेंटिमीटर टिपतो, आणि १/१००० ला विमान त्याहून अधिक सरकते. म्हणून तिथे १/२००० ठेवावा. आणि शटर यांत्रिकच वापरावे, कारण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते आणि चालत्या विमानातून पूल, विजेचे खांब आणि रस्ते तिरके येतात.

जुनी लेन्स विकत घेताना घ्यायची काळजी मी थोडी सविस्तर सांगतो, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. आपल्याकडे पाचगणी, महाबळेश्वर आणि जावळीच्या बाजूची पावसाळी हवा लेन्ससाठी अत्यंत घातक आहे. कातडी पेटीत ठेवलेल्या लेन्समध्ये दोन पावसाळ्यांत बुरशी धरू शकते. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून टॉर्च धरून समोरून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती लेन्स परत करावी, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही व्रण राहतो. काचेच्या कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसली तर आतील जोडकाच सुटू लागली आहे असे समजावे. बारीक धुळीचे चार-दोन कण किंवा पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघ यांनी चित्रात काही फरक पडत नाही आणि किंमत मात्र उतरते. अशी लेन्स आनंदाने घ्यावी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे, ती झटकन मिटावीत, आणि लेन्स कॅमेऱ्यावर बसवल्यावर हलू नये.

त्यानंतर अनंताची तपासणी. काही ईडी काचेच्या लांब लेन्सची फोकस रिंग अनंताच्या खुणेपुढेही थोडी फिरते, कारण तापमानानुसार काच प्रसरण पावते त्यासाठी निर्मात्याने ती जागा सोडलेली असते. अशा लेन्सला शेवटच्या टोकाला लावून वर गेले तर सारा रोल किंचित अस्पष्ट येतो. साताऱ्यातल्या छायाचित्रकारांसाठी ही तपासणी करण्याची सोय घराजवळ आहे: सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन ट्रायपॉड लावावा, दूरवरच्या मोबाइल टॉवरच्या सळ्यांवर भिंगातून पाहून फोकस करावा आणि एफ/४, एफ/५.६ व एफ/८ वर मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत तो टॉवर ठेवून छायाचित्रे घ्यावीत. एका रोलमध्ये लेन्सचे सारे गुणदोष कळतात आणि अनंताची खरी जागाही कळते. ती जागा सापडली की रिंगवर पातळ चिकटपट्टी लावून ती पक्की करावी. सांगलीकरांना दंडोबाच्या डोंगरावरून हेच करता येईल.

वर गेल्यावर लेन्सचा हूड (पुढे लावलेली, ऊन अडवणारी कड) काढून ठेवावा किंवा पट्टीने घट्ट बांधावा, फिल्टरही पट्टीने पक्का करावा, आणि कॅमेरा गळ्यात असला तरी त्याला दुसरा पट्टा असावा. विमानातून खाली पडलेली वस्तू कुणाच्या तरी अंगावर जाऊ शकते. कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवू नये, इंजिनाची थरथर थेट हातात येते. आपले शरीर ती थरथर शोषून घेते, म्हणून दोन्ही कोपरे अंगाशी घेऊन कॅमेरा धरणे हे ट्रायपॉडपेक्षा चांगले. कमरेजवळ धरून वरून पाहायचा व्ह्यूफाइंडर विमानात निरुपयोगी आहे. कॅमेरा डोळ्याला लावून सरळ समोर पाहता येईल असा प्रिझम असलाच पाहिजे. पाचगणीला पॅराग्लायडिंगच्या जोडउड्डाणात कॅमेरा नेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, त्या छत्रीचा वेग विमानाच्या निम्म्याहूनही कमी असल्याने सरकण्याचा प्रश्न तितका राहत नाही, परंतु पेंटॅक्स ६७ सारखा, लेन्ससह तीन किलोच्या घरात जाणारा कॅमेरा पायलटच्या स्पष्ट संमतीशिवाय नेऊ नये. तिथे मामिया ६४५ आणि १५० मिलिमीटर हीच मर्यादा समजावी.

परवानगीचा विषय टाळता येणार नाही. विमानातून छायाचित्रण करण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, आणि कोयनेसारख्या धरणांच्या व वीजगृहांच्या परिसरात सुरक्षेचे निर्बंध असतात. उड्डाण चालवणाऱ्या संस्थेकडून लेखी खात्री करूनच जावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात (ड्रोनसाठी खुल्या ठरवलेल्या भागात) १२० मीटर उंचीपर्यंत ड्रोन उडवता येतो, आणि अनेक कामांसाठी तो पुरेसा आहे, हे मी मान्य करतो. परंतु नदीचे संपूर्ण वळण एका चौकटीत, सरळ रेषांचा वाकडेपणा न येता आणि मोठ्या निगेटिव्हच्या बारकाव्यासह हवे असेल, तर त्यासाठी अधिक उंची आणि मध्यम टेलिफोटो लेन्स यांना अजून पर्याय नाही.

हे सगळे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण केवळ छंद नव्हे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठ बदलत गेला. कुठे काठ खचला, कुठे मळीच्या जमिनीवर गाळ साचला, कुठे पाणी नव्या वाटेने शेतात शिरले, हे गावोगावी लोक तोंडी सांगतात. त्याची चित्रे मात्र विस्कळीत आहेत, आणि जी आहेत ती किती उंचीवरून, कोणत्या लेन्सने घेतली हे कुणालाच ठाऊक नसल्याने त्यांच्यावरून मोजमाप करता येत नाही. हौशी माणसाने स्वतःच्या खर्चाने, जुन्या पण चांगल्या लेन्सने, दर ऑक्टोबरमध्ये एकाच उंचीवरून एकाच वळणाची छायाचित्रे घेतली, तर ती पुढे शेतकऱ्याला, पाटबंधारे खात्याला आणि ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडतील. त्यासाठी त्याला लाखो रुपयांची लेन्स हवी, असे सांगून आपण त्याला परत पाठवू नये.

म्हणून आपणास दोन विनंत्या. पुरवणीतील ते विधान दुरुस्त करून, मध्यम लांबीच्या जुन्या लेन्सनेही हे काम होते असे वाचकांपर्यंत पोहोचवावे. आणि यापुढे आपण हवाई छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली तारीख, वेळ, जमिनीपासूनची अंदाजे उंची, लेन्सची फोकल लेंग्थ आणि निगेटिव्हचा किंवा सेन्सरचा आकार एवढे पाच तपशील द्यावेत. ते असतील, तर ज्याला गरज आहे तो वाचक घरी बसून पट्टीने त्या छायाचित्रातील काठ मोजू शकेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार वाचक
सातारा